फॉरेस्ट आला

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी लपवत नाही, कारण लपवून उपयोगही नसतो. माझ्या भुवया माझ्या आधी बोलतात. जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या एका संस्थेत मी धातूंच्या थकव्यावर काम करते, म्हणजे तुकडा वरून धडधाकट दिसत असताना आत कुठे चीर गेली आहे का, ते शोधते. नवरा म्हणतो, हिला याचा पगार मिळतो हे नशीब, हिने हे काम फुकटही केलं असतं. तो स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि जगात सगळं ठीक चाललंय असं मानून चालतो. असा माणूस घरात असला की दुसऱ्याला दुप्पट संशयी व्हावं लागतं.

फेब्रुवारीतला रविवार होता आणि मी पोहे केले होते. आमची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची, दहावीत. जन्मली इथेच. मराठी तिला सगळं समजतं, आम्ही दार लावून कुजबुजलेलंही, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. तिचं जे बोलणं मी इथे लिहिते आहे, ते बहुतेक माझं भाषांतर समजावं. पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत ती म्हणाली, की दहावीनंतर ती गिम्नाझिउम सोडणार आहे.

गिम्नाझिउम म्हणजे इथली विद्यापीठाकडे नेणारी शाळा. माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं की नात रोज व्यायामशाळेत जाते, तरी इतकी बारीक कशी. ती शाळा सोडून मुलीला तासाभरावरच्या दुसऱ्या गावातल्या एका शाळेत दोन वर्षांचा कोर्स करायचा होता. माती, पाणी, झाडं, नकाशे, निसर्गाचे कायदे. मग काही वर्षं प्रत्यक्ष काम, मग एक परीक्षा, आणि मग ती रेंजर होणार. जंगलात फिरणार, लोकांना वाटा दाखवणार, नियम मोडणाऱ्यांना अडवणार.

"कुणी सांगितलं तुला हे?" मी विचारलं.

"निमांट." म्हणजे कुणीच नाही.

"वर्गातून अजून कोण कोण जातंय?"

"कुणीच नाही."

"मग तुझ्या डोक्यात कुणी घातलं?"

ती उठली, बशी सिंकमध्ये ठेवली आणि खोलीत गेली. नवरा म्हणाला, "आल्झो," म्हणजे हे बघ, "आधी ऐकून तरी घेऊ या."

"अहो," मी म्हणाले. एरवी मी त्याला तू म्हणते. अहो फक्त सासूबाईंसमोर आणि संशय आल्यावर. "अहो, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं का?"

"जा," तो म्हणाला. जर्मनमध्ये जा म्हणजे हो. मराठीत त्या शब्दाचा जो अर्थ आहे, त्या अर्थाने मी तो त्याला परत दिला, आणि तो बाल्कनीत गेला.

आता मला फॉरेस्ट या शब्दाबद्दल सांगायला हवं. माझं गाव चंद्रपूरच्या पलीकडे, जंगलाला खेटून. जंगलाला आम्ही जंगलच म्हणायचो. फॉरेस्ट म्हणजे जंगल नव्हे; फॉरेस्ट म्हणजे माणूस. खाकी कपडे, सायकल, हातात काठी. "फॉरेस्ट आला" अशी हाक कुणीतरी द्यायचं आणि सरपणाला गेलेल्या बाया मोळ्या टाकून पळायच्या. पुढे इंग्रजीच्या पुस्तकात फॉरेस्ट म्हणजे अरण्य असं वाचलं, तेव्हा छापताना चूक झाली असावी असं मला वाटलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना एकदा आईबरोबर गेले होते. हाक आली. सगळ्या पळाल्या. मी एका मुळात पाय अडकून पडले, म्हणून आई मागे राहिली. फॉरेस्ट आला, एक शब्द न बोलता त्याने आईच्या डोक्यावरची मोळी खाली ओढली, हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि निघून गेला. आईच्या डोक्यावर नुसती चुंबळ राहिली. तशीच ती घरापर्यंत चालत आली, मी मागून रडत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना फॉरेस्टच्या क्वार्टरमधून धूर निघत होता. तो आमच्याच लाकडांचा होता, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. वाळलेली लाकडं होती ती. झाडावरून पडलेली, कुणाच्या कामाची नसलेली. ही गोष्ट मी मुलीला ती चालायला लागल्यापासून सांगत आले.

आणि आता तीच म्हणत होती, मी फॉरेस्ट होणार. 

पण खरी आग वेगळीच होती. आमच्या वस्तीतून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी. दहावीच्या निकालानंतर मास्तरांनी आई-वडिलांना बोलावून सांगितलं होतं, हिला शिवणकामाचा कोर्स करू द्या, वर्षभरात हाताला काम लागेल. मास्तर दुष्ट नव्हते. अगदी गोड शब्दांत, आमच्या भल्यासाठी सांगत होते. वडील मान डोलावत होते. आई तेवढी म्हणाली, "पोरगी शिकन." आणि उठली. तेव्हापासून कुणी गोड शब्दांत छोटा रस्ता दाखवला की माझे कान उभे राहतात. आमच्यासारख्यांना छोटा रस्ता कोण आणि का दाखवतं, हे मला नीट माहीत आहे.

जर्मनीतही एकदा हे झालं होतं. इथे चौथीच्या वर्षात शाळा प्रत्येक मुलासाठी एम्फेलुंग देते. मी शब्दकोशात पाहिलं: शिफारस. आपल्याकडे शिफारस म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी टाकलेला चांगला शब्द. शाळेने आपल्या पोरीची शिफारस केली म्हणून मी बेसनाचे लाडू करून घेऊन गेले. बाईंनी लाडू घेतले, आभार मानले, आणि समजावलं की मुलीला गिम्नाझिउममध्ये न घालता खालच्या शाळेत घालावं अशी ती शिफारस आहे; मुलगी भाषेत कच्ची आहे, तिला झेपणार नाही. घरी आल्यावर मी नियम वाचून काढले. शेवटचा शब्द पालकांचा असतो असं त्यात होतं. मी मुलीला गिम्नाझिउममध्ये घातलं आणि आता तिला जर्मनमध्ये सगळ्यात चांगले मार्क पडतात. त्या लाडवांचा राग मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हा यावेळी मी लाडू न करताच शाळेत गेले. वर्गशिक्षिका तरुण होत्या, बोलायला चांगल्या. मी सरळ विचारलं, माझ्या मुलीला गिम्नाझिउम सोडायची एम्फेलुंग कुणी दिली? त्या गोंधळल्या. म्हणाल्या, कुणीच नाही, उलट मीच तिला सांगितलं की अजून तीन वर्षं थांब, सगळी दारं उघडी राहतील. पण तिचं ठरलेलं दिसतं.

"ठरलेलं असं अचानक कसं?"

"ते तुम्ही तिलाच विचारा ना," त्या म्हणाल्या.

अंग काढून घेणारी माणसं असंच बोलतात. मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं की या बाई एकतर खोटं बोलतात किंवा त्यांना काही पत्ताच नाही. मग राहिल्या बेरूफ्सबेराटुंगच्या बाई, म्हणजे शाळेतल्या मुलांना कुठला धंदा-व्यवसाय घ्यावा याचा सल्ला देणाऱ्या. मी फोन केला. त्यांनी सांगितलं की मुलगी येऊन गेली आहे, पण काय बोलणं झालं ते सांगता येणार नाही. डाटेनशुट्स. गोपनीयता. सोळा वर्षांच्या पोरीची माझ्यापासून गोपनीयता! ज्याला काही लपवायचं असतं तोच गोपनीयता पुढे करतो, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "तू बँकेचा पिन मलाही सांगत नाहीस." मी म्हटलं, तो विषय वेगळा आहे.

कोर्सचा फॉर्म फ्रिजवर लावलेला होता, लेडीबर्डच्या लोहचुंबकाखाली. मुलगी अजून अठराची नसल्यामुळे आमच्या दोघांच्या सह्या लागत. ईस्टरच्या सुट्टीनंतरच्या शुक्रवारी तो शाळेत पोचायला हवा होता. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात सही करून टाकली, न वाचता, हे मी पैजेवर सांगते. त्याच्या सहीशेजारची रिकामी रेघ मला रोज फ्रिजमधलं दूध घेताना दिसायची.

मार्चमध्ये एकदा आमचं भांडण झालं. मी म्हणाले, "तुझ्या आजीची मोळी ज्याने ओढली, तेच तुला व्हायचंय का? कुणाच्या डोक्यावरची मोळी ओढणार आहेस तू?"

 ती म्हणाली, "लाकडं वाळलेली होती की ओली?"

"काय?"

"तू नेहमी म्हणतेस वाळलेली. पण वाळलेल्या लाकडांना कुऱ्हाड कशाला लागते?"

मी तिच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. पोरगी अजून फॉरेस्ट झाली नव्हती आणि आत्ताच फॉरेस्टसारखी बोलत होती. तिच्या खोलीचं दार आपटलं, मी स्वयंपाकघराचं आपटलं. चार दिवस आमच्या घरात फक्त नवरा बोलत होता.

ईस्टरच्या सुट्टीत तिचं दोन आठवड्यांचं प्राक्टिकुम होतं, म्हणजे कामाची चव बघायला कुणाच्या तरी हाताखाली राबायचं. तिने गावाबाहेरच्या जंगलातल्या रेंजरकडे जागा मिळवली होती. रोज सकाळी ती बूट घालून निघायची आणि संध्याकाळी चिखल घेऊन, खुशीत परत यायची. मला ती खुशी बघवेना. एवढी खुशी जंगलाची असेल का? माणसाशिवाय कोणी एवढं खुश होतं का? कोणीतरी मुलगा असणार. किंवा कोणीतरी मोठा, गोड बोलणारा, दाढीवाला, हिला आपल्यामागे फिरवणारा. रेंजर कोण आहे, कसा आहे, मी काहीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती सावध झाली असती.

म्हणून दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, घरी सांगितलं की प्रयोग चालू आहे, आणि बसने जंगलाच्या कडेला जाऊन उतरले. त्या दिवशी ती दोघं ओढ्याकाठच्या वाटेवर असणार, हे मी तिच्या टेबलावरच्या कागदावरून पाहून ठेवलं होतं. ओढ्याजवळ एक जागा धरून उभी राहिले. पण भर दुपारी एक सावळी बाई, ऑफिसच्या बुटांत, जंगलात एकाच जागी वाटेकडे टक लावून उभी, हे किती विचित्र दिसत असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. एक म्हातारं जोडपं माझ्याकडे वळून वळून बघत गेलं.

काहीतरी करत असल्यासारखं दिसायला हवं होतं. पायाशी बेअरलाउख पसरला होता. लसणीच्या वासाचा हा रानपाला एप्रिलमध्ये इथल्या जंगलात उगवतो, आणि आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात त्याचा ठेचा होतो. माझ्या पर्समध्ये कापडी पिशवी असतेच. मी वाकले आणि तोडायला लागले. डोळे वाटेवर, हात पाल्यात. किती तोडला, काय तोडला, लक्ष नव्हतं. पिशवी गच्च भरली तरी मी तोडतच होते.

मग पलीकडून आवाज आले आणि झाडांच्या बुंध्यांमधून हिरवी जाकिटं दिसली.

डोक्याने काही ठरवण्याआधी पायांनी ठरवलं. मी पिशवी टाकली आणि पळाले. अठ्ठेचाळीस वर्षांची, डॉक्टरेट मिळवलेली, पासपोर्टात पक्का व्हिसा असलेली बाई, उतारावरून धडपडत पळाले. वाळलेल्या पानांवर पाय सरकला, गुडघा फुटला, तशीच उठून एका बीचच्या झाडामागे जाऊन दडले.  मनात एकच वाक्य चालू होतं, आणि ते जर्मन नव्हतं. फॉरेस्ट आला. फॉरेस्ट आला.

"हालो?" एका बाईचा आवाज आला. "तुम्हाला लागलंय का?"

मी हलले नाही. आणि मग दुसरा आवाज आला, माझ्या ओळखीचा, पण त्या तोंडून कितीतरी वर्षांत न ऐकलेल्या भाषेत.

"आई, पळू नको. मी आहे."

मी झाडामागून बाहेर आले. लाज वाटत होती, आणि रडूही येत होतं. समोर माझी मुलगी, दोन मापं मोठ्या जाकिटात, आणि तिच्या शेजारी रेंजर. दाढी वगैरे काही नव्हती. साठीकडे झुकलेली बाई, पाठीवर पांढरी वेणी, हातात माझी पिशवी.

"ही माझी आई," मुलगी तिला म्हणाली. "मी काय करते ते बघायला आली आहे." म्हणजे तिने क्षणात ओळखलं होतं. रेंजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, पिशवी मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग आजचं काम तुझं." आणि एका ओंडक्यावर जाऊन बसल्या.

मला दोनच शक्यता दिसत होत्या. एकतर ही बॉससमोर शहाणपण दाखवायला माझी पिशवी जप्त करणार, किंवा आई म्हणून मला सोडून देणार. दोन्हींची मला सारखीच चीड येत होती.

तिने आधी पाण्याची बाटली दिली. मग विचारलं, "हे कशासाठी तोडलंस?"

"ठेच्यासाठी."

"एवढा?"

मी गुडघ्यावरची माती झटकली. ती वाट बघत राहिली. ओरडली नाही, पिशवी उघडली नाही, नुसती थांबली. शेवटी मी म्हणाले, "इथे उभं राहायला काहीतरी कारण हवं होतं."

रेंजरबाई मराठी न कळताही हसल्या. मुलगी हसली नाही. तिने मला नियम सांगितला, इतर कुणालाही सांगितला असता तसाच: या भागात घरच्यापुरता पाला तोडता येतो, पण हांटश्ट्राउस, म्हणजे हातात मावेल तेवढाच गुच्छ. मग तिने आपलं जाकिट जमिनीवर अंथरलं आणि माझी पिशवी त्यावर ओतली. झालं, मी मनात म्हटलं. ओढली मोळी.

पण ती एकेक पान उचलून बघायला लागली. उचलायची, उलटं करायची, बाजूला ठेवायची. थोड्या वेळाने तिने चार पानं वेगळी काढून माझ्यासमोर धरली. "हा बेअरलाउख नाही. हे विषारी आहे."

"वास तर लसणीचाच येतोय," मी म्हटलं. वासावर माझा भरवसा असतो.

"वास तुझ्या हाताला आहे. मग सगळ्याच पानांना येतो. देठ बघ. बेअरलाउखचं प्रत्येक पान आपल्या वेगळ्या देठावर जमिनीतून येतं. ही दोन बघ, एकाच दांड्यावर, एकमेकांना गुंडाळलेली. हा ठेचा पप्पांनी खाल्ला असता."

मी, जी दुधाच्या डब्यावरची तारीख दोनदा वाचते, तिने न बघता विष तोडलं होतं, कारण माझे डोळे पोरीवर पाळत ठेवण्यात गुंतले होते.  

"हात पुढे कर," ती म्हणाली. मी केला. तिने तपासलेल्या पानांतून माझ्या मुठीत मावतील तेवढी माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं मिटवली. उरलेला पाला झाडाखाली पसरला. पिशवी झटकून, घडी घालून परत दिली. मग ती रेंजरबाईंबरोबर पुढे गेली, तिला अजून दोन तासांचं काम होतं. मी मूठ तशीच धरून बसमध्ये बसले.

आता कुणाला वाटेल, मी घरी जाऊन सही केली. नाही केली. एक मूठ पाल्याने एवढ्या वर्षांचा संशय जात नसतो. मी फॉर्म पुन्हा वाचला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जादा विषय घेतले तर या दोन वर्षांनंतर पुढे काही प्रकारच्या उच्च शिक्षणसंस्थांमध्येही जाता येतं. हे खोटं असणार म्हणून मी त्या शाळेत फोन केला. खरं होतं. मग ते मुलीला माहीत नसणार असं मला वाटलं. तिला माहीत होतं; त्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. माझी कारणं एकेक करून संपत चालली होती, आणि मी अजून नाहीच म्हणत होते. एक हत्यार मी राखून ठेवलं होतं.

ते हत्यार म्हणजे माझी आई. ती आता नागपूरला माझ्या भावाकडे असते. सुट्टी संपल्यावरच्या गुरुवारी दुपारी, फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी, मी तिला व्हिडिओ कॉल केला आणि मुलीला मुद्दाम शेजारी बसवलं. मुलगी लाडकी नात आहे. आजीच्या तोंडून नकार आला की ती गप्प बसेल, असा माझा हिशेब.

"आई, तुझी नात शाळा सोडते," मी म्हणाले. "फॉरेस्ट व्हायचं म्हणते."

  आईने फोन चेहऱ्याजवळ नेला. "फॉरेस्ट? पोरगी?"

मी काही म्हणायच्या आत मुलगी पुढे वाकली. मोडक्यातोडक्या मराठीत, शब्द शोधत तिने विचारलं, "आजी, तुझी लाकडं... ती फॉरेस्टने घेतली ती... वाळलेली की ओली?"

"अगं!" मी तिच्या दंडाला धरलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे. आणि तिच्या तोंडावर चोरी सापडलेल्या लहान पोरीसारखं हसू आलं.

"वल्लीच होती," ती म्हणाली. "सागाचं पोर होतं, सरळ. मीच तोडलं. छप्पर गळत होतं वं, त्याच्याखाली लावाले बल्ली पायजे होती एक. वाळलेली मोडते."

 आयुष्यभर मी ती लाकडं वाळलेली म्हणून सांगत आले होते. मास्तरांविषयी, लाडवांविषयी, जगाविषयी मला जे काही वाटत होतं, ते सगळं त्या वाळलेल्या मोळीवर रचलेलं होतं. "तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"त्यानं इचारलं असतं तं त्याले सांगितलं असतं. छप्पर गळते साहेब, एक बल्ली पायजे. कदाचित तरी बी घेऊन गेला असता, कदाचित नाही. पन कोनी इचारलंच नाही." मग ती म्हणाली, "तू बी नाही इचारलं."

एवढं बोलून तिने नातीला विचारलं, तिकडे सागाची झाडं असतात का. नातीने सांगितलं, नसतात, बीच असतात. आईने बीच म्हणून पाहिलं, जमलं नाही, दोघी हसल्या, आणि फोन ठेवला.

मी फ्रिजवरून फॉर्म काढला. टेबलावर ठेवला, पेन घेतलं. मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. रेघेवर पेन टेकवलं आणि मला जाणवलं की फेब्रुवारीपासून मी या पोरीविषयी शिक्षिकेला विचारलं, सल्ला देणाऱ्या बाईंना विचारलं, नवऱ्याला खोदून खोदून विचारलं, टेबलावरचे कागद पाहिले, झाडामागे उभी राहिले. तिला फक्त एवढंच विचारलं होतं, की कोण. कुणी सांगितलं, कोण जातंय, कुणी डोक्यात घातलं.

मी पेन खाली ठेवलं.

"तुला का व्हायचंय गं फॉरेस्ट?" मी म्हणाले.

तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, यात काही डाव तर नाही ना, म्हणून. ती नजर मला ओळखीची वाटली. आरशात रोज दिसते. मग ती बोलायला लागली. मराठीत, अडखळत, जिथे शब्द सापडेना तिथे थांबत. मी एकदाही शब्द पुरवला नाही. सही त्यानंतर केली.